शेपटीवाली क्रियापदं आणि एक रिकामी खुर्ची

आमच्या थर्मासच्या कारखान्यात परदेशी विभागातली एक खुर्ची रिकामी झाली, एवढंच मी घरी जेवताना बोललो. रिकामी होणं वेगळं आणि मला मिळणं वेगळं, हे मी पुढच्या वाक्यात सांगणार होतो. पण पहिल्या वाक्याच्या शेवटी आईने जेवायच्या काड्या खाली ठेवल्या आणि फोन उचलला. माझ्या वाटीतला भात संपेपर्यंत अख्ख्या वसाहतीला कळलं होतं की लौंचा वेनबिन परदेशी विभागात गेला. काही लोकांना तर तो थेट परदेशातच गेला असं कळलं. दुसऱ्या दिवशी जिन्यात एक गृहस्थ मला म्हणाले, "अरे, परतलास पण?"

"आई, अजून मुलाखत व्हायची आहे," मी म्हणालो.

"मग होऊ दे की. मी कुठे आडवी येतेय?"

"आणि नाही मिळाली खुर्ची, तर?"

आईने माझ्या वाटीत माशाचा तुकडा ठेवला. ती काही गंभीर बोलणार असली की आधी मासा देते. "वेनबिन, मला या जिन्यावरून रोज खाली उतरायचंय. खाली बायका बसलेल्या असतात. तेवढं लक्षात ठेव."

म्हणजे आता प्रश्न माझ्या नोकरीचा उरला नव्हता, आईच्या जिन्याचा झाला होता.

मी तोवर देशी तक्रार विभागात होतो. लांबलांबचे लोक कळवत की झाकण गळतं, आणि मी त्यांना अत्यंत नम्र भाषेत कळवत असे की झाकण मनापासून घट्ट लावलेलं दिसत नाही. या कामाला इंग्रजी लागत नाही. परदेशी विभागाला लागतं. आमच्या व्यवस्थापकांनी, दू साहेबांनी, मला बोलावून स्पष्ट सांगितलं.

"मुलाखतीला चिलीचं गिऱ्हाईक पडद्यावर असणार. तुझं इंग्रजी मी पाहिलंय. चूक नाही. पण प्रेतासारखं आहे. सरळ, ताठ आणि थंड."

यात माझा दोष नव्हता. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की साधा शब्द वापरला की गुण कमी, भारी शब्द वापरला की गुण जास्त. त्यामुळे एकेका साध्या शब्दाला मी डझनभर समानार्थी शब्द पाठ केले होते आणि मूळ साधा शब्द तेवढा विसरलो होतो. एकदा एका परदेशी पाहुण्याने मला 'कसा आहेस' असं विचारलं, तर मी त्याला सांगितलं की मी अपरिमित हर्षातिरेकाने ओसंडत आहे. त्याने हळूच दू साहेबांना विचारलं, याला घरी सोडायचं का.

"खरं इंग्रजी बारक्या क्रियापदांत असतं," दू साहेब म्हणाले. "शेपटीवाल्या."

ही शेपटीवाली क्रियापदं ज्यांना भेटली नाहीत ते सुखी आहेत. पुट, टेक, गेट, लुक, गिव्ह. प्राथमिक शाळेतल्या पोरालाही येतात. पण त्यांना मागून अप, डाऊन, ऑफ, आउट अशी शेपटी लागली की प्राणीच बदलतो. आमच्या भाषेत शेपट्या नाहीत असं नाही, पण आमच्या पाळीव आहेत. इंग्रजी शेपूट कधी चावेल सांगता येत नाही. इंग्रजांनी पाच-सहा क्रियापदं घेतली आणि सगळं राज्य त्यांच्यावर चालवलं.

पहिला सल्ला तळमजल्यावरच्या चंग मास्तरांनी दिला. मास्तर भूगोलाचे, निवृत्त; रोज सकाळी मैनेचा पिंजरा फिरवायला नेतात आणि वाटेत भेटेल त्याचं आयुष्य सुधारतात.

"तुझी अडचण भाषा नाही, लाज आहे," ते म्हणाले. "सकाळी उठून मोठ्यानं ओरड. माझी पोरं नद्यांची नावं ओरडायची. आजही त्यांना मध्यरात्री उठवून विचार, नद्या सांगतील."

त्यांना मध्यरात्री उठवून कुणी नद्या का विचाराव्यात, हे मी विचारलं नाही. मोठ्या माणसांना मध्येच अडवू नये. दुसऱ्या दिवसापासून मी सहाव्या मजल्यावरच्या गॅलरीत उभा राहून ओरडायला लागलो. गिव्ह अप. ब्रेक डाऊन. रन आउट. फॉल अपार्ट. मला काही आठवेना, पण मास्तरांच्या मैनेला चार दिवसांत सगळं येऊ लागलं. ती माझ्याआधी उठत असल्यामुळे तिचंही ओरडणं माझ्याच नावावर जमा झालं.

आठवड्याच्या आत रहिवासी समितीच्या श्यू बाई दारात. कुणाकडे नवा फ्रीज आला आणि कुणाला सर्दी झाली हे ठाऊक असणं हे त्यांचं सरकारी काम आहे आणि ते त्या आवडीनं करतात.

"छोट्या लौ, तक्रार आली आहे. 'पहाटे एक इसम गॅलरीतून परदेशी माणसाला शिव्या देतो. परदेशी माणूस उत्तर देत नाही.'"

"बाई, मी अभ्यास करतोय."

"ते मला कळतंय. पण नियमात बसत नाही. एकट्या माणसानं ओरडणं म्हणजे उपद्रव."

"आणि तीस जण ओरडले तर?"

"तो सांस्कृतिक उपक्रम," श्यू बाई पापणी न हलवता म्हणाल्या. "पटांगणात, ठरलेल्या वेळेत, नोंदणी झालेल्या पथकानं. त्याला आम्ही पाणी आणि खुर्च्याही देतो."

आमच्या वसाहतीत नोंदणी झालेलं पथक एकच: यिंग मावशींचं 'लाल मेघ नृत्यपथक'. रोज संध्याकाळी पटांगणात, प्रत्येकीच्या खांद्याला गरम पाण्याचा थर्मास, आणि पुढे मोठा स्पीकर. यिंग मावशी पूर्वी बस डेपोत वाहतूक नियंत्रक होत्या. त्यांनी हात वर केला की अजूनही रस्त्यावरची रिक्षा थांबते.

मी विनंती केली. मावशींनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"नाचता येतं?"

"मला इंग्रजी शिकायचंय, मावशी."

"मी विचारलं, नाचता येतं?"

"नाही."

"मग शेवटच्या रांगेत, डावीकडून पहिला. पावलं चुकली तर खांबाच्या मागे. आणि तुझे शब्द आठ मात्रांत बसले पाहिजेत. जो शब्द बसणार नाही तो इंग्रजांना परत."

त्या इतक्या लवकर कशा तयार झाल्या, याचं कारण मागून कळलं. गेल्या वर्षीच्या जिल्हा स्पर्धेत पूर्व वेशीच्या पथकाने छत्र्या घेऊन नाच केला आणि लाल मेघाला हरवलं होतं. छत्रीला उत्तर काय, हा विचार मावशी वर्षभर करत होत्या. इंग्रजी हे उत्तर त्यांच्या डोक्यात मी घातलं.

नाच बसवायला आम्ही सुरुवात केली आणि पहिल्यांदा मला शेपट्या समजल्या. अप म्हणजे दोन्ही हात आभाळाकडे. डाऊन म्हणजे गुडघ्यात बसायचं. ऑफ म्हणजे खांद्यावरून झटकायचं. आउट म्हणजे डाव्या पायाची लाथ. पुट, टेक, गेट वगैरे मूळ धडाला जागेवर दोन पावलं. जे मला शाळा, कॉलेज आणि मैना शिकवू शकले नाहीत, ते माझ्या गुडघ्यांनी आठवडाभरात शिकून घेतलं.

मावश्यांना मात्र अर्थ हवा असे. अर्थाशिवाय हात वर करणार नाही, असं पहिल्या रांगेनं जाहीर केलं.

"'पुट अप विथ' म्हणजे?"

"सहन करणं."

"कुणाला?"

"कुणालाही, मावशी."

"कुणालाही कसं? समोर कुणीतरी आल्याशिवाय हात कसे वर जातील?" मग प्रत्येकीने मनात एकेक सून धरली आणि हात असे वर गेले की मास्तरांची मैना पिंजऱ्याच्या तळाशी जाऊन बसली.

श्वास घ्यायला मध्ये वाक्प्रचार घातले. तिथे मास्तर कडेला उभे राहून शास्त्रीय हरकती घेत. 'हवामानाखाली असणे' म्हणजे बरं नसणे, हे ऐकून ते म्हणाले, "हवामानाखाली आपण सगळेच आहोत. त्याच्या वर फक्त उपग्रह." एखादी गोष्ट फार महाग पडली तर इंग्रज म्हणतो एक हात आणि एक पाय गेला. यावर वान मावशी, पथकातल्या सर्वांत जाड आणि सर्वांत विचारी बाई, आपल्या हातापायांकडे पाहू लागल्या.

"मग ती वस्तू घरी कशी आणायची?"

तो वाक्प्रचार इंग्रजांना परत गेला.

शेवटी एक भव्य देखावा हवा होता. मी समानार्थी शब्द सुचवले. 'आनंदी' या अर्थाचे पाच: ग्लॅड, प्लीज्ड, डिलाइटेड, थ्रिल्ड, एक्स्टॅटिक. प्रत्येक रांगेनं एकेक म्हणायचा आणि हसू रांगेरांगेनं वाढत न्यायचं. कल्पना सुंदर होती. पण कुठला शब्द किती आनंदी, हे मी समजावून सांगितलं आणि पथक फुटायची वेळ आली. ग्लॅड कुणालाच नको. सगळ्यांना एक्स्टॅटिक.

"मी स्थापनेपासून आहे. मी नुसती प्लीज्ड?"

"माझा मुलगा राजधानीत इंजिनीअर आहे आणि मी डिलाइटेड, आणि हिचा घरी बसलाय तरी ही थ्रिल्ड. हे कसं?"

समानार्थी शब्द समान नसतात, हे मला कुठल्याही पुस्तकाने इतक्या स्पष्टपणे शिकवलं नव्हतं. शेवटी मावशींनी सेवाज्येष्ठतेनुसार वाटप केलं. एक्स्टॅटिक त्या एकट्या. ग्लॅडच्या रांगेत पथकातला सर्वांत नवा सभासद, म्हणजे मी, आणि वान मावशी. त्यांना कमी हसावं लागतं तेच बरं वाटत होतं.

मग परवानगी. स्पर्धेतल्या प्रत्येक परकीय शब्दाचं भाषांतर दाखवावं लागतं. मी आणि मावशी जिल्ह्याच्या सांस्कृतिक कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी आमची क्रियापदं शांतपणे वाचली आणि त्यांचा चेहरा पडत गेला.

"मोडणे. संपून जाणे. विस्कटणे. हार मानणे." त्यांनी चष्मा काढला. "आजी, तुमच्या नाचात सगळंच का बिघडतंय? आपल्या जिल्ह्यात असं काही होतं का?"

"नाही हो," मावशी म्हणाल्या. मला त्यांनी आजी शब्दाबद्दल पुढे दोन दिवस ऐकवलं.

"मग उत्साहवर्धक क्रियापदं घ्या."

मोडणारी, संपणारी, गळणारी सगळी क्रियापदं गेली. त्यांच्या जागी चीअर अप, कॅरी ऑन, स्टँड आउट, लुक फॉरवर्ड टू. कटकटीच्या जवळ जाणारं एकच वाचलं, सॉर्ट आउट, निस्तरणे, आणि तेही निस्तरून झाल्यावर सगळं छान होतं असं मी शपथेवर सांगितलं म्हणून. यातला धोका तेव्हा माझ्या लक्षात आला नाही. तक्रार विभागातला माणूस परदेशी गिऱ्हाइकासमोर जाणार होता, आणि जगात काही बिघडू शकतं हे सांगणारा एकही शब्द त्याच्या अंगात उरला नव्हता.

मुलाखतीच्या दिवशी उकाडा होता. पहिल्या मजल्यावरची खोली, खिडकी उघडी. टेबलाच्या पलीकडे दू साहेब आणि कर्मचारी विभागाच्या एक कडक बाई, मध्ये संगणकाचा पडदा, पडद्यावर चिलीचे इग्नासिओ. दाढी, चष्मा, आणि हातात आमचा थर्मास. त्यांनी तो उलटा धरला. पाणी गळलं.

"झाकण," इग्नासिओ इंग्रजीत म्हणाले. "पूर्ण खेप. तुम्ही काय करणार?"

मला उत्तर येत होतं. सॉर्ट आउट. तो शब्द मला दिसत होता, तिसऱ्या आठात, डाव्या लाथेवर. पण तिथे मधूनच जाता येत नाही. नाच पाठ झालेल्या माणसाला विचारा. सुरुवातीपासूनच यावं लागतं.

"मी उभा राहू का?" मी विचारलं.

"कशाला?" कडक बाई म्हणाल्या.

"उत्तर द्यायचंय."

मी उभा राहिलो, खुर्ची बाजूला केली आणि मोजलं. एक-दोन-तीन-चार, पाच-सहा-सात-आठ. मला वाटलं मी मनात मोजतोय. यिंग मावशींच्या पथकात मनात मोजायची सवय नाही.

"चीअर अप," मी म्हणालो, हात आभाळाकडे.

आणि खालच्या आवारातून तीस गळ्यांनी उत्तर दिलं, "चीअर अप."

झालं होतं असं की आईने माझ्या सत्कारासाठी पथक आणलं होतं. मुलाखत संपल्यावर अभिनंदन करायचं तर मग तोपर्यंत घरी का बसा, म्हणून ते आधीच आलं. सोबत लाल कापडाचा लांबलचक फलक. लाल कापडावर पिवळी अक्षरं दिसली की आमच्याकडे कुठलंही फाटक आपोआप उघडतं. पहारेकऱ्याने तर त्यांना फलक बांधायला दोरी दिली. त्या सावलीत घोटघोट पाणी पीत बसल्या होत्या आणि वरून मोजणी ऐकू आली. पथकातल्या बाईने मोजणी ऐकली की पाय तिला विचारत नाहीत.

"हा आवाज कसला?" इग्नासिओंनी विचारलं. कडक बाईंनी काही न सुचून पडदा उचलला आणि खिडकीकडे वळवला.

वर मी, खाली त्या. कॅरी ऑन, स्टँड आउट, मग लाथ आणि सॉर्ट आउट. मी तिथे थांबायला हवं होतं, उत्तर झालं होतं. पण नाच थांबत नाही. लुक फॉरवर्ड टूला मी कपाळावर हात धरून दू साहेबांच्या पार जवळ गेलो. ते मागे सरकले. मग आनंदाचा देखावा आला. पूर्ण खेप गळालेल्या माणसाकडे बघत मी शांतपणे सांगितलं की मी ग्लॅड आहे. त्यावर खालून रांगेरांगेनं प्लीज्ड, डिलाइटेड, थ्रिल्ड चढत गेलं आणि सर्वांत शेवटी यिंग मावशी एकट्या, रिक्षा थांबवायच्या आवाजात, एक्स्टॅटिक.

मग दू साहेब खिडकीशी गेले आणि त्यांनी फलक मोठ्याने वाचला. "साथी लौ वेनबिन यांची परदेशी विभागात नेमणूक झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन." त्यांनी तो पुन्हा एकदा मनात वाचला. "हे कधी ठरलं?"

"मला कल्पना नाही," कडक बाई कुजबुजल्या. "वरून आलं असेल."

मी बोलायला तोंड उघडलं. फलकाचं एक टोक धरून आई वर बघत होती. मी तोंड मिटलं.

"बाटल्या," पडद्यातून इग्नासिओ म्हणाले. "त्या बायकांच्या खांद्यावर. लाथ मारताना उपड्या होतात. पाणी नाही. कुठल्या?"

दू साहेबांनी खिडकीतून तोंड बाहेर काढलं. "मावशी, थर्मास कुठला?"

"तुमचाच," यिंग मावशी खालून म्हणाल्या. "कारखान्याच्या दारात येताना दुसऱ्याचा आणू का? एवढं कळतं आम्हाला. घरी वापरतो तो वेगळा."

शेवटचं वाक्य दू साहेबांनी भाषांतरित केलं नाही. इग्नासिओ पडद्याच्या जवळ आले, निरखून पाहू लागले. मीही पाहत होतो, तक्रार विभागाच्या नजरेनं, आणि मला एक गोष्ट दिसली. वान मावशी जागच्या हलत नव्हत्या. त्यांच्या दोन्ही पावलांखाली ओलं होतं. एक थर्मास गळाला होता, आणि मावशी त्या डागावर उभ्या होत्या, ग्लॅड चेहऱ्याने, अख्ख्या कारखान्याची अब्रू दोन चपलांखाली झाकून.

ते पाहिलं आणि माझ्या अंगातून नाच निघून गेला. समानार्थी शब्दही गेले, शेपट्याही गेल्या. मागे एखाद-दोन अक्षरांचं इंग्रजी उरलं.

"झाकण वाईट," मी पडद्याला म्हणालो. "सगळ्यांची नाहीत. काहींची. तुमची सगळी बदलणार. फुकट. आमची चूक."

आमची चूक हे शब्द आमच्या कारखान्यातून याआधी कुठल्याही भाषेत बाहेर पडले नव्हते.

इग्नासिओंनी हातातला थर्मास खाली ठेवला. "दोन वर्षं मी इथे लिहितो," ते म्हणाले, सावकाश, एकेक शब्द चाचपत. त्यांचंही इंग्रजी शाळेतलंच होतं. "दोन वर्षं सुंदर इंग्रजीत उत्तर येतं. मला समजत नाही. आज समजलं." मग त्यांनी चष्मा सावरला. "आणि ती लाथ. ती परत एकदा दाखवा."

मी दाखवली.

पडदा बंद झाला. जेवणाची सुट्टी झाली होती. सगळे कामगार आवारात येऊन फलकाखाली उभे होते आणि माझ्या आईला विचारत होते की पार्टी कधी. आई तारीख सांगत होती.

"साहेब, तो फलक उतरवायचा का?" कडक बाईंनी विचारलं.

दू साहेबांनी खाली पाहिलं. लाल कापड, पिवळी अक्षरं, दोन पाळ्यांचे कामगार. "उतरवायचा तर कारण द्यावं लागेल," ते म्हणाले. "आणि कारण लेखी लागेल." मग ते माझ्याकडे वळले. "खुर्ची तुझी. पण तू तिच्यावर बसशील असं काही मला वाटत नाही."

त्यांचं म्हणणं खरं ठरलं. एखादं शेपटीवालं क्रियापद लिहायची वेळ आली की मला अजून उठून व्हरांड्यात दोन पावलं टाकून यावं लागतं. लांबलचक पत्र असलं की घाम येतो. स्पर्धेत आम्ही दुसरे आलो. पूर्व वेशीच्या पथकाने यंदा छत्र्यांना दिवे लावले होते. छत्रीला उत्तर मिळालं, आता दिव्याला काय, या विचारात यिंग मावशी आहेत आणि मला फ्रेंच येतं का असं विचारून गेल्या.

चिलीशी दर सोमवारी पडद्यावर बैठक असते. मी उभा राहतो. गेल्या सोमवारी पलीकडे इग्नासिओही उभे राहिले, आणि त्यांच्यामागे त्यांच्या कचेरीतले हिशेबनीस, दोन मुली आणि चहा घेऊन आलेला माणूस. सगळ्यांनी गंभीरपणे हात आभाळाकडे नेले, चीअर अप म्हणाले आणि मग झाकणांच्या भावावर बोलणी सुरू झाली. डबा द्यायला आलेल्या आईने हे माझ्या खांद्यावरून पाहिलं. तेव्हापासून ती जिन्यावर भेटेल त्याला सांगते की चिलीत तशीच पद्धत असते.